गाडीतील जादा बॅटरी : आधी घट्ट बांधा, मग जत्रेला निघा

देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर फिरून कापड विकणाऱ्याचे दुकान म्हणजे त्याची गाडी. मिठबावहून उत्तरेला कुणकेश्वर आणि देवगड, दक्षिणेला आचरा आणि मालवण, आत वळले की कणकवली आणि फोंडा. आठवडा बाजार असो, महाशिवरात्रीची कुणकेश्वरची जत्रा असो, आंगणेवाडीची जत्रा असो की ईदपूर्वीचा बाजार असो, गाडी कडेला लावायची, मागचे दार उघडायचे आणि फळीवर गठ्ठे मांडायचे. मगरीबनंतर गिऱ्हाईक वाढते आणि त्याच वेळी उजेडाची गरज पडते. एके काळी पेट्रोमॅक्सची बत्ती होती, नंतर जनरेटर आला. आता एलईडी दिवे, छोटा पंखा, फोनचे चार्जिंग आणि पैसे जमा झाल्याचे सांगणारा डबा, एवढ्यासाठी कुणी जनरेटर नेत नाही. गाडीतच दुसरी बॅटरी बसवली जाते.

हा विचार चुकीचा नाही. कंपनीने दिलेली बॅटरी मुख्यतः इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्यावर रात्रभर दिवे लावले, तर दुकान आवरताना गाडी सुरू होत नाही आणि बाजारातल्या लोकांना धक्का मारायला बोलवावे लागते. म्हणून दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवणे शहाणपणाचेच आहे. चूक होते ती पुढे. मूळ बॅटरीला कंपनीने बैठक, पट्टी, झाकण आणि जागा विचारपूर्वक दिलेली असते. दुसरी बॅटरी मात्र आपण सीटच्या मागे किंवा गठ्ठ्यांच्या आड नुसती ठेवून देतो. ही चूक आम्हीही केली. तिची किंमत मोजल्यावर जे शिकलो, ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

आमच्यावर काय गुदरले

२०२४ साली महाशिवरात्री ८ मार्चला होती आणि रमजानचा पहिला रोजा १२ मार्चला. जत्रेत दुकान लावायचे, परत यायचे आणि लगेच रमजानच्या बाजाराला लागायचे, असा आमचा बेत होता. जत्रेपूर्वी एका गॅरेजमध्ये आम्ही दुसरी बॅटरी बसवून घेतली. बॅटरी जुनी, पाणी घालायच्या बुचांची. मिस्त्रीने ती पुढच्या सीटच्या मागे ठेवली, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिला आवळली आणि प्लसच्या टोकावरून सरळ एक वायर दिव्यांकडे नेली. टर्मिनलवर झाकण नाही, वायरीत फ्यूज नाही. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘चाचा, बारा व्होल्ट तर आहे. हात लावला तरी काही होत नाही.’ आम्हीही मान डोलावली.

जत्रा आटोपून रात्री मिठबावकडे येत होतो. पुतण्या गाडी चालवत होता. सड्यावरून खाली उतरणाऱ्या वळणावर गाय आडवी आली आणि त्याने ब्रेक दाबला. मागे काहीतरी धाडकन पडले. लगेच चर्र असा आवाज आला आणि रबर जळल्याचा वास सुटला. ट्यूबची पट्टी ताणली जाऊन बॅटरी आडवी झाली होती. कापड मोजण्याचा आमचा लोखंडी गज गठ्ठ्यांच्या कडेला खोचलेला असे. त्याचे एक टोक प्लसच्या टर्मिनलवर आणि दुसरे गाडीच्या पत्र्यावर टेकले होते. पाहता पाहता गज लाल झाला. सीटचा फोम आणि पॉलिस्टरच्या साड्यांचा एक गठ्ठा धुमसू लागला. पुतण्याने पंचा हाताला गुंडाळून मायनसची वायर ओढून काढली, म्हणून गाडी वाचली. त्याचा तळहात भाजला. आम्ही रस्त्याकडेची माती टाकून फोम विझवला. अल्लाहचे शुक्र, जीवावर बेतले नाही.

पण खरे नुकसान पुढेच होते. बॅटरी आडवी झाली तेव्हा बुचांतून तेजाब सांडले होते. खालचे दोन गठ्ठे भिजले, ते आम्ही टाकून दिले. वरच्या सुती ड्रेसच्या कापडावर काही शिंतोडे दिसले. ते कापड वाऱ्यावर वाळवले. वाळल्यावर डाग नाही, रंग गेला नाही, पोत तसाच. आम्ही ते चांगले समजून रमजानच्या बाजारात विकले. ईदच्या आठवडाभर आधी मोहल्ल्यातल्या एक खाला शिवलेला कुर्ता घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘भाई, शिवून आणला आणि एकदाच पाण्यातून काढला, तर हे असं झालं.’ पाठीवर मुगाच्या दाण्याएवढी सात-आठ भोके होती. त्यांच्यामागून आणखी चार गिऱ्हाइके आली.

आम्ही सर्वांना कापडाचे पैसे आणि शिलाई दिली. ज्यांना तो माल विकल्याचे आठवत होते, त्यांच्या घरी जाऊनही सांगितले. मालातला ऐब गिऱ्हाइकाला न सांगता विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे लहानपणापासून शिकलो आहोत. आम्ही तो ऐब जाणून लपवला नव्हता, पण तेजाब उडाल्याचे आम्हाला माहीत होते आणि तेजाब कापडाचे काय करते, हे तीस वर्षे कापड विकूनही आम्ही विचारून घेतले नव्हते. ईदच्या नवीन कपड्याला भोक पडलेल्या घरात आमचे नाव कसे निघाले असेल, याचा हिशेब वहीत मांडता येत नाही.

बारा व्होल्टचा गैरसमज

बारा व्होल्टला हात लावला तर सहसा झटका बसत नाही, हे मिस्त्रीचे म्हणणे खोटे नव्हते. कोरड्या कातडीतून एवढ्या कमी दाबाला फारसा प्रवाह पाठवता येत नाही. पण लोखंड म्हणजे कातडी नव्हे. गाडीची बॅटरी इंजिन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर देते. तिच्या दोन टोकांमध्ये गज, कात्री किंवा पाना आडवा पडला, तर काही क्षण शेकडो अँपिअर वाहतात. घरातल्या एका दिव्याच्या वायरीतून अर्धा अँपिअरही वाहत नाही, यावरून अंदाज करावा. झटका देत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते, परंतु आग लावण्याची तिची ताकद घरच्या वायरिंगपेक्षा कमी नाही.

लक्षात घ्यावे की धातू दोन्ही टर्मिनलांवर पडावा लागत नाही. मायनसचे टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. म्हणजे गाडीचा सगळा पत्राच मायनस झालेला असतो. प्लसचे टोक आणि पत्रा यांमध्ये काहीही धातू आला, की काम झाले. आमच्या गजाने हेच केले.

तेजाब आणि सुती कापड

शिशाच्या बॅटरीची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ साली तयार केली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे: शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे तेजाब. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील द्रवात वजनाने एक तृतीयांशाहून अधिक तेजाब असते.

सुती धागा हा वनस्पतीचा तंतू. शिंतोडा पडला त्या क्षणी काही दिसत नाही. मग पाणी उडून जाते, तेजाब उडत नाही. पाणी जसजसे कमी होते, तसतसे उरलेले तेजाब तीव्र होत जाते आणि धाग्याला आतून कुजवते. कापड वरून शाबूत दिसते, पण त्या जागचा धागा मेलेला असतो. पहिल्या धुण्यात चोळले की तो गळून पडतो. म्हणून वाळवणे हा उपाय नसून तेच नुकसानीचे कारण होते. लोकरीच्या गिरण्यांत लोकरीला चिकटलेला काडीकचरा काढण्यासाठी हेच सौम्य तेजाब वापरून लोकर तापवतात. कचरा वनस्पतीचा असल्याने जळून भुगा होतो, लोकर टिकते. पॉलिस्टरही सौम्य तेजाबाला बऱ्यापैकी तोंड देते. आमचे सुती कापड मात्र त्या काडीकचऱ्याच्या जातीचे.

कुणाच्या मालावर बॅटरीचे पाणी उडाले, तर कापड वाळू देऊ नये. लगेच भरपूर साध्या पाण्यात बुडवावे, मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात घालावे आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. गाडीच्या तळावर सोड्याचे पाणी टाकल्यावर फेस आला, तर तेथे अजून तेजाब आहे असे समजावे. डोळ्यांत उडाले तर सोडा लावू नये. पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि डॉक्टरकडे जावे. आणि जे कापड भिजले होते, ते सुधारले असे वाटले तरी नवे म्हणून विकू नये.

बॅटरी केवढी हवी?

पहिला नियम हा की गरजेपेक्षा मोठी बॅटरी नको. कोकणात पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर असतो. त्याची उतरलेली उंच ट्यूब्युलर बॅटरी गाडीत टाकण्याची पद्धत पडली आहे. ती पन्नास-साठ किलोची, उंच, वळणावर कलंडणारी आणि पाण्याची असते. घरात एका जागी उभी राहण्यासाठी ती बनवलेली आहे, घाटात फिरण्यासाठी नव्हे.

आमचा हिशेब असा. १० वॅटचे चार दिवे म्हणजे ४०, पंखा २०, फोन व इतर १०, एकूण ७० वॅट. त्याला १२ व्होल्टने भागले की सुमारे ६ अँपिअर. पाच तास दुकान चालवले तर ३० अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून दुप्पट धरावे: ६० ते ६५ अँपिअर-तास. एवढी बॅटरी पंधरा ते वीस किलोची असते. पाण्याच्या बॅटरीऐवजी सीलबंद, म्हणजे तेजाब शोषून धरणाऱ्या प्रकारची घ्यावी. ती आडवी झाली तरी सहसा सांडत नाही. कापडवाल्याला तो जादा खर्च परवडतो.

आता लिथियमच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या हलक्या असतात आणि त्यांत तेजाब नसते. पण त्यांना शिशाच्या बॅटरीसारखे गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडू नये, त्यांच्यासाठी ठरवलेला चार्जर मध्ये हवा. आणि त्यांच्या टोकांवर गज पडला तर आग त्याही लावू शकतात. पुढचे बांधणीचे नियम दोहोंना लागू आहेत.

जागा कोणती?

बॅटरी जितकी खाली आणि जितकी गाडीच्या मध्याजवळ, तितकी बरी. तळाचा पत्रा पातळ असतो, पण त्याखाली आडव्या पट्ट्या गेलेल्या असतात. त्या पट्टीवर किंवा तिच्या अगदी लगत बैठक यावी. पेट्रोलची टाकी व नळी, सीएनजीचे सिलिंडर आणि त्याची पाइप यांपासून दूर राहावे. उतारूच्या पायापाशी नको. गठ्ठ्यांच्या खाली तर मुळीच नको. जी बॅटरी पाहण्यासाठी वीस गठ्ठे उपसावे लागतात, ती कुणी पाहत नाही.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली आडवे होऊन पाहावे. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरींचा जुडगा तेथूनच जातो. काम सुरू करण्याआधी मूळ बॅटरीची मायनसची वायर सोडावी. नेहमी मायनस आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. कारण प्लस सोडताना पाना पत्र्याला लागला आणि मायनस जोडलेली असली, तर पुन्हा तेच गजाचे प्रकरण.

बैठक आणि बांधणी

बांधणी किती मजबूत हवी, ते गणित केल्याशिवाय पटत नाही. गच्च ब्रेक मारला तर बॅटरीच्या वजनाच्या सुमारे पाऊण पट जोर तिला पुढे ढकलतो. गुळगुळीत पत्र्यावर ठेवलेली बॅटरी तेवढ्याने सरकते. टक्कर झाली तर गोष्ट वेगळीच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळली आणि नाक चेपून साठ सेंटिमीटरमध्ये थांबली, असे धरा. तेवढ्यात आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे सोळा पट जोर येतो. १८ किलोची बॅटरी जवळजवळ तीनशे किलोच्या जोराने चालकाच्या पाठीवर येईल. दुसऱ्या शब्दांत, त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर, तीन मजले उंचीवरून पडणे. सायकलची ट्यूब तेथे काय धरणार?

यासाठी चांगला नमुना मोटारशर्यतींच्या जगात आहे. १९०४ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली एफआयए ही जागतिक संस्था शर्यतींच्या गाड्यांचे नियम करते. मूळ जागेवरून हलवलेल्या बॅटरीसाठी तिचा नियम स्पष्ट आहे: धातूची बैठक, वरून रबर किंवा तत्सम आवरण चढवलेल्या धातूच्या दोन पट्ट्या, किमान १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या खालच्या बाजूने, किमान ३ मिलिमीटर जाड आणि २० चौरस सेंटिमीटरचा आधारपत्रा. बॅटरी पाण्याची असेल तर तिला न गळणारी पेटी हवी आणि ती पेटीही स्वतंत्रपणे पक्की केलेली हवी. आमची गाडी शर्यतीत जात नाही. पण फोंडा घाट आणि करूळ घाट रोज चढणाऱ्याने शर्यतवाल्यांपेक्षा कमी काळजी का घ्यावी?

आम्ही दुसऱ्यांदा काम करून घेतले ते याच पद्धतीने. अँगलची चौकट बॅटरीच्या तळाच्या मापाची केली. आत रबराची चादर घातली, म्हणजे हादरे बसत नाहीत. वरून रबर चढवलेल्या लोखंडी पट्ट्या आल्या. १० मिलिमीटरचे चार बोल्ट तळातून पार केले आणि पत्र्याखाली साडेचार सेंटिमीटर लांब-रुंद जाड पत्र्याचे तुकडे दिले. हा तुकडा महत्त्वाचा. नुसता वायसर असला तर जोर बसताच पातळ पत्रा फाटून बोल्ट वर येतो. मोठा तुकडा तो जोर पसरवतो. नट आपोआप न सुटणारे, नायलॉनच्या कड्याचे घेतले. तळाच्या पत्र्याला वेल्डिंग करू दिले नाही. पत्रा जळतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत जळलेल्या जागी गंज आधी धरतो. प्रत्येक भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावून वर सीलंट भरला.

पारख सोपी आहे. बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावी. गाडी हलली पाहिजे, बॅटरी हलता कामा नये.

झाकण, फ्यूज आणि वायर

प्लसच्या टोकावर रबरी टोपी हवी आणि सगळ्या बॅटरीवर धातू नसलेले झाकण हवे. कापडवाल्याच्या गाडीत गज, कात्री, हँगर आणि दोऱ्या बांधण्याची तार असतेच. आम्ही आता लाकडी मीटरपट्टी वापरतो आणि कात्री डब्यात ठेवतो.

फ्यूज प्लसच्या टोकापासून एका वितीच्या आत असावा. टोकापासून फ्यूजपर्यंतची वायर उघड्यावर असते, तिला कुणाचे संरक्षण नसते, म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवावी. येथे एक गोष्ट समजून घ्यावी: फ्यूज वायरीला वाचवतो, टर्मिनलला नाही. आमच्या गाडीत फ्यूज असता तरी गजापासून त्याने वाचवले नसते. तेथे झाकणच हवे. आणि झाकण असूनही फ्यूज नसेल, तर पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली वायर एक दिवस गठ्ठ्यांमध्येच पेटेल. म्हणून दोन्ही हवेत. दिव्यांच्या ६ अँपिअरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर पत्र्यातून पार होते तेथे रबरी कडे घालावे.

दुसरी बॅटरी गाडी चालताना चार्ज व्हावी, पण तिने पहिलीला उतरवू नये, यासाठी दोहोंमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले घालतात. इंजिन चालू होऊन व्होल्टेज वाढले की तो जोडतो, बंद झाल्यावर तोडतो. आमच्याकडे या जोडणीला १० चौरस मिलिमीटरची वायर आणि ५० अँपिअरचे फ्यूज आहेत. फ्यूज दोन, वायरीच्या दोन्ही टोकांना. कारण येथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि आग दोन्हीकडून येऊ शकते. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो. तेथे रिले पुरत नाही, मध्ये चार्जर घालावा लागतो. गाडीचे मॉडेल सांगून आधी विचारून घ्यावे.

कोंडलेली हवा

चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने भडकतो. सीलबंद बॅटरी नेहमी वायू सोडत नाही, पण जास्त चार्ज झाली तर तिचीही झडप उघडते. हायड्रोजन हवेपेक्षा फार हलका असल्याने वर चढतो. म्हणून पेटीला खाली हवा येण्याची वाट आणि वरच्या बाजूने गाडीबाहेर नेलेली नळी हवी. नळीचे तोंड असे असावे की पाऊस आत येणार नाही. रिले, बटण किंवा ठिणगी पडेल अशी कोणतीही वस्तू त्या पेटीत ठेवू नये.

गाडीत सडक्या अंड्यासारखा वास आला, तर बॅटरी जास्त चार्ज होत आहे असे समजावे. गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, दारे उघडावीत, बिडी-सिगारेट दूर ठेवावी. चालू गाडीत व्होल्टेज १५च्या वर दिसले, तर अल्टरनेटर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलापेक्षा किंवा कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सीट काढणे, छत किंवा तळ कापणे असले उद्योग करू नयेत आणि काम हाती घेण्यापूर्वी ओरोसच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. विमा कंपनीलाही कळवावे. कंपनीने न दिलेले विजेचे साहित्य पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागते. आतल्या मालाची भरपाई गाडीच्या विम्यात येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आमचे गठ्ठे गेले, तेव्हा ते आमच्याच खिशातून गेले.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी

१. बॅटरी हाताने हलवून पाहावी. नट ढिला असेल तर आवळावा.

२. टोपी आणि झाकण जागेवर आहे ना, ते पाहावे. झाकणावर गठ्ठा ठेवू नये.

३. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल, तर मायनस आधी सोडून कोमट सोडापाण्याने धुवावी, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. किनाऱ्यावर हे महिन्यातून एकदा करावे.

४. वायरीवर कुठे घासल्याची खूण आहे का, ते पाहावे.

५. कोरड्या पावडरीचे दोन किलोचे अग्निशामक चालकाच्या हाताशी असावे, गठ्ठ्यांच्या मागे नव्हे.

आम्हाला हे सगळे काम, बॅटरीची किंमत सोडून, चार हजार रुपयांच्या आत पडले. ईदपूर्वी परत केलेले पैसे त्याहून अधिक होते. आमचे मिस्त्री बंधूही हे वाचत असतील. त्यांना एवढीच विनंती की ‘बारा व्होल्ट तर आहे’ असे गिऱ्हाइकाला सांगू नका. आणि गिऱ्हाइकाने फ्यूजचे पैसे वाचवायला सांगितले, तर काम नाकारा. गाडीत त्याचा माल असतो, त्याची मुले असतात, आणि तुमच्या हातावर त्याने टाकलेला विश्वास ही अमानत आहे.

अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी उंट बांधायला आपल्याला शिकवले गेले आहे. ट्यूबच्या पट्टीने बॅटरी आवळून बिस्मिल्लाह म्हणत निघणे, हे उंट मोकळा सोडण्यासारखेच झाले. पुतण्याच्या तळहातावर वण राहिला आहे. आता गाडी सुरू करण्यापूर्वी तो न सांगता मागे जातो, बॅटरी दोन्ही हातांनी हलवून पाहतो आणि मगच चावी फिरवतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि प्रवासात हिफाजत करो. आमीन.